पत्ता लिहिलेली फाइल

भारतातल्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर /इटीसी या डिरेक्टरीत लोकलटाइम नावाची एक नोंद असते. कुठल्या प्रदेशाची वेळ धरायची हे मशीनवरचे प्रोग्रॅम तिथून ठरवतात. 'एलएस -एल' ही कमांड देऊन तिच्याकडे पाहिले की ओळीच्या अगदी सुरुवातीला 'एल' हे अक्षर दिसते आणि शेवटी एक बाण. बाणापुढे बहुधा असतो /यूएसआर/शेअर/झोनइन्फो/एशिया/कोलकाता हा पाथ. लोकलटाइममध्ये वेळेचा काहीच तपशील नाही. तो तपशील कुठे ठेवला आहे, एवढेच तिथे लिहिलेले आहे. मशीन पुण्यात असो, नागपुरात असो की पणजीत, पत्ता हाच, कारण देशाची प्रमाणवेळ एकच आणि टाइमझोनच्या जागतिक यादीत ती कोलकात्याच्या नावावर आहे. त्या यादीत 'एशिया/कॅलकटा' हे जुने नावही अजून चालते. शहराचे नाव २००१ मध्ये बदलले, पण असंख्य प्रोग्रॅमांत जुनेच नाव लिहिलेले होते. ते मोडू नयेत म्हणून जुने नाव नव्याला जोडून ठेवले आहे. आणखी एक बारकावा आहे. सिस्टमडी वापरणाऱ्या लिनक्समध्ये 'टाइमझोन कोणता' या प्रश्नाचे उत्तर बाणापुढचा मजकूर वाचूनच दिले जाते. कोणी लोकलटाइमच्या जागी मूळ फाइलीची साधी कॉपी आणून ठेवली, तर घड्याळ बरोबर चालेल, पण टाइमझोनचे नाव हरवेल.

याला सिम्बॉलिक लिंक म्हणतात. रोजच्या बोलण्यात सिमलिंक किंवा सॉफ्ट लिंक. हे पुस्तक तिच्यावर आहे. एका कमांडवर अख्खे पुस्तक कशाला, असे कोणीही विचारील. माझे उत्तर असे की सिमलिंक नीट समजली म्हणजे युनिक्समध्ये फाइलीचे नाव ही काय चीज आहे ते समजते, आणि ते समजले नाही तर या सिस्टीमवर केलेले बरेचसे काम अंदाजाने केलेले असते. सिमलिंक फाइलीला बांधलेली नसते, नावाला बांधलेली असते. त्या नावाचा अर्थ लिंक करताना लागत नाही, ती वापरताना लागतो. तिचे सगळे गुण आणि सगळे धोके इथूनच निघतात. लेखिकेने हा एकच धागा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सोडलेला नाही, म्हणून हे पुस्तक मला मोलाचे वाटते.

(कमांडी आणि पाथ इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे.)

मागे जायचे तर बेल लॅब्सपर्यंत जावे लागते. १९६९ साली केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या मशीनवर युनिक्स उभे करायला घेतले आणि डेनिस रिची त्यात सामील झाले. त्यांच्या फाइल सिस्टीममधला सर्वांत दूरगामी निर्णय असा की फाइलीला स्वतःचे नावच नाही. फाइल म्हणजे एक आयनोड. मालक कोण, परवानग्या कोणत्या, मजकूर डिस्कच्या कुठल्या ब्लॉकांत आहे, याची ती नोंद, आणि त्या नोंदीला एक क्रमांक. नावे राहतात डिरेक्टरीत. डिरेक्टरी म्हणजे नाव आणि आयनोड क्रमांक यांच्या जोड्यांचा तक्ता. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत या तक्त्याची एकेक ओळ १६ बाइटची होती. त्यातले २ बाइट क्रमांकाला आणि १४ नावाला.

एवढे मान्य केले की एकाच क्रमांकासमोर दोन नावे लिहिणे ओघानेच आले. तीच हार्ड लिंक. १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्येही 'एलएन' कमांड आहे. हार्ड लिंक केल्यावर दोन्ही नावांचा दर्जा सारखा असतो; मूळ कोणते आणि मागाहूनचे कोणते हे सिस्टीमला सांगता येत नाही. फाइल काढून टाकणे याचाही अर्थ इथे वेगळा होतो. 'आरएम' फक्त नाव पुसते. शेवटचे नाव पुसले गेले आणि कुठल्याही चालू प्रोग्रॅमने ती फाइल उघडून धरलेली नसली, तरच जागा मोकळी होते. डिस्क भरली म्हणून मोठी लॉग फाइल काढून टाकली, तरी जागा तेवढीच दिसते, हा प्रकार सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतो. त्याचे कारण या नियमात आहे.

पण हार्ड लिंकला दोन अडचणी होत्या. आयनोड क्रमांक हा त्या-त्या फाइल सिस्टीमपुरता असतो, त्यामुळे एका डिस्कवरच्या नावाला दुसऱ्या डिस्कवरच्या फाइलीशी जोडता येत नाही. दुसरे म्हणजे डिरेक्टरीला हार्ड लिंक देणे धोक्याचे, कारण झाडाच्या फांद्या मागे वळून स्वतःतच शिरू लागल्या की झाड चालत जाणाऱ्या प्रोग्रॅमांना शेवट सापडत नाही.

यावरचा तोडगा युनिक्सच्या आधीच कागदावर होता. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स यांनी मिळून हाती घेतलेल्या मल्टिक्स या सिस्टीमसाठी डेली आणि न्यूमन यांनी १९६५ मध्ये फाइल सिस्टीमचा आराखडा मांडला. त्यात डिरेक्टरीतली नोंद दोन प्रकारची होती. एक खऱ्या फाइलीची आणि दुसरी केवळ दुसऱ्या नोंदीचा पाथ सांगणारी. बेल लॅब्स १९६९ मध्ये मल्टिक्समधून बाहेर पडली. युनिक्सने तिथल्या डिरेक्टऱ्यांच्या झाडाची कल्पना घेतली, पण पाथ सांगणारी लिंक घेतली नाही. लहान मशीनवर तिची तेव्हा गरज नव्हती.

गरज बर्कलीला भासली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात युनिक्सची जी शाखा वाढली, तिच्या ४.२बीएसडी या १९८३ च्या आवृत्तीत सिमलिंक आली. मॅकक्युसिक, जॉय, लेफलर आणि फॅब्री यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वेगवान फाइल सिस्टीमवरच्या लेखात तिची रीत थोडक्यात दिलेली आहे. सिमलिंक म्हणजे पाथ लिहिलेली फाइल. पाथ उलगडत जाताना कर्नलला वाटेत अशी फाइल लागली, की तो तिच्यातला मजकूर उरलेल्या पाथच्या आधी जोडतो आणि तयार झालेला नवा पाथ उलगडू लागतो. मजकूर स्लॅशने सुरू होत असेल तर उलगडणे रूटपासून सुरू होते, नाहीतर लिंक ज्या डिरेक्टरीत आहे तिथून. नियम एवढेच आहेत. बंद दुकानाच्या शटरवर 'दुकान पुढच्या चौकात हलवले आहे' अशी पाटी लावलेली असते, तसे हे काम. पाटी वाचणारा त्या चौकात जाईल, पण तिथे दुकान आहे की नाही हे पाटीला माहीत नसते. म्हणून अस्तित्वात नसलेल्या फाइलीचीही सिमलिंक करता येते, आणि फाइल गेली तरी लिंक तशीच लोंबकळत राहते.

त्याच आवृत्तीत आणि त्याच लेखात 'रिनेम' हा सिस्टीम कॉलही आला, हे सहसा कोणी सांगत नाही. मला ही जोडी फार महत्त्वाची वाटते. तिच्याकडे पुढे येतो.

आता प्रत्यक्ष लिंक करण्याकडे वळू. कमांड आहे 'एलएन -एस', तिच्यापुढे आधी पत्ता आणि मग लिंकचे नाव. नवशिक्यांची गफलत बहुधा इथेच होते. 'सीपी' आणि 'एमव्ही' यांचाही क्रम असाच आहे, आधी जुने मग नवे, एवढे लक्षात ठेवले की पुरते. दुसरी गफलत जास्त खोल आहे. समजा, पुस्तक या डिरेक्टरीत प्रकरणे आणि मसुदे अशा दोन डिरेक्टऱ्या आहेत आणि तुम्ही पुस्तकमध्ये बसून 'एलएन -एस प्रकरणे/एक मसुदे/चालू' अशी कमांड दिलीत. तुमच्या जागेवरून पाहिले तर प्रकरणे/एक ही फाइल समोर आहे. कमांड निमूटपणे पार पडते. पण 'कॅट मसुदे/चालू' केले की उत्तर येते, अशी फाइल नाही. कारण लिंक मसुदेमध्ये राहते, तिच्यातला पत्ता तिथूनच मोजला जातो, आणि मसुदे/प्रकरणे/एक असे काहीही नाही. बरोबर पत्ता होता '../प्रकरणे/एक'. कमांड देणारा कुठे बसला होता याची सिमलिंकेला आठवण नसते. हे एकदा हाताने करून पाहिले की कायमचे कळते. म्हणून पुस्तकात असे प्रयोग वाचकाकडून वारंवार करून घेतले आहेत, ते मला अगदी योग्य वाटते. ग्नूच्या 'एलएन'ला '-आर' हा पर्याय दिला तर तो सापेक्ष पत्ता स्वतः काढून देतो, पण तो कसा काढला हे समजलेल्यानेच तो वापरावा.

मराठीत फाइलींना नावे देणाऱ्यांसाठी एक गोष्ट मी मुद्दाम इथे नोंदवतो, कारण इंग्रजी पुस्तकांत ती सापडणार नाही. युनिक्स कर्नलला नाव म्हणजे अक्षरे नव्हेत, बाइट. यूटीएफ-८ ही पद्धत थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केली. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना आणि हलन्त धरून, ३ बाइट घेते. 'वऱ्हाड' हे नाव घ्या. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ साठी स्वतंत्र कळ आहे. त्या कळीने हा शब्द लिहिला तर ६ चिन्हे होतात, म्हणजे १८ बाइट. काही ठिकाणी तोच ऱ, र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी साठवला जातो. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावे अशीच सुटी करून ठेवत असे. मग बाइट होतात २१. तिसरी रीत म्हणजे र, हलन्त आणि न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. त्याचेही २१ बाइट, पण वेगळे. पडद्यावर तिन्ही नावे अगदी सारखी दिसतात. एका पद्धतीने लिहिलेल्या डिरेक्टरीची दुसऱ्या पद्धतीने लिहून सिमलिंक केली, तर ती लोंबकळते आणि डोळ्यांना कारण दिसत नाही. अशा वेळी 'एलएस -एल' उपयोगी पडते. सिमलिंकेच्या ओळीत आकाराच्या जागी जो आकडा असतो, तो तिच्यात लिहिलेल्या पत्त्याच्या बाइटांची संख्या असते. तिथे १८ ऐवजी २१ दिसले की गाठ सापडली. पत्ता ६० बाइटांपेक्षा लहान असेल तर एक्स्ट४ फाइल सिस्टीम तो थेट आयनोडमध्येच बसवते, वेगळा ब्लॉक लागत नाही. देवनागरीत ही सवलत १९ चिन्हांपर्यंतच मिळते. वेगात जाणवण्याइतका फरक यातून पडत नाही, पण आपली लिपी या यंत्रणेत नेमकी कुठे आणि किती जागा घेते हे आपल्याला माहीत असावे असे मला वाटते.

सिमलिंक आली तशी ती सर्वांना मान्य झाली असे नाही. पॉसिक्सच्या १९८८ च्या प्रमाणात ती नव्हती, २००१ च्या प्रमाणात ती आहे. मधल्या काळात सिस्टीम फाइव्हच्या चौथ्या रिलीझनेही तिला जागा दिली, आणि बर्कलीची गोष्ट सर्वांची झाली. सर्वांत विचारपूर्वक विरोध मात्र बेल लॅब्समधूनच झाला. थॉम्पसन, पाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे प्लॅन ९ ही सिस्टीम बांधली आणि तिच्यात सिमलिंक ठेवलीच नाही. एका झाडाचा भाग दुसरीकडे दिसायला हवा असेल तर तिथे 'बाइंड' करायचे. हे जोडणे त्या-त्या प्रोसेसच्या नावांच्या जगापुरते असते, डिस्कवर त्याची खूण राहत नाही. पाइक यांनी २००० मध्ये एक लेख लिहून मूळ दुखण्यावर बोट ठेवले. ते दुखणे म्हणजे दोन टिंबे. डिरेक्टरीत एका सिमलिंकेवरून शिरलात आणि 'सीडी ..' केलेत, तर मागे कुठे जायचे? ज्या वाटेने आलात त्या वाटेने, की डिरेक्टरी खरोखर जिथे आहे तिच्या पालकाकडे? कर्नल दुसरे उत्तर देतो. कॉर्न शेलने वाट लक्षात ठेवून पहिले उत्तर द्यायला सुरुवात केली आणि बॅशने ते उचलले. त्यामुळे आज एकाच टर्मिनलवर 'सीडी ..' एक सांगते आणि 'एलएस ..' दुसरेच दाखवते. 'पीडब्ल्यूडी -पी' देऊन खरी जागा विचारता येते. पाइक यांचा आक्षेप मला मान्य आहे. सिमलिंकेने झाडाचे जाळे केले आणि जाळ्यात 'वर' या दिशेला एकच अर्थ उरत नाही. तरीही व्यवहारात बर्कलीची रीत टिकली, कारण डिस्कवर लिहिलेली लिंक मशीन बंद करून चालू केल्यावरही जिथल्या तिथे असते आणि ती करायला कोणाची खास परवानगी लागत नाही.

इतर घराण्यांची उत्तरे वेगळी होती. मॅकच्या सिस्टीम ७ मध्ये १९९१ साली एलियस आला. तो पाथबरोबर फाइलीची ओळखही धरून ठेवत असल्यामुळे फाइल हलवली तरी तिला शोधून काढतो. विंडोज ९५ चा शॉर्टकट ही साधी फाइल, तिचा अर्थ फक्त डेस्कटॉपला कळतो, आतल्या प्रोग्रॅमांना नाही. एनटीएफएसमध्ये खऱ्या सिमलिंका विंडोज व्हिस्टापासून आल्या, पण त्या करायला सहसा विशेष अधिकार लागतो, आणि म्हणून विंडोजवर त्यांची सवय फारशी रुजली नाही. या तुलनेवर पुस्तकात जास्त पाने खर्ची घातलेली नाहीत आणि ते ठीकच आहे.

युनिक्समध्ये मात्र सिमलिंकेवर अख्ख्या व्यवस्था उभ्या राहिल्या. शेअर्ड लायब्ररीच्या तीन नावांची साखळी, डेबियनची /इटीसी/अल्टरनेटिव्ह्ज, सिस्टमडीत सर्व्हिस चालू करणे, ही सारी सिमलिंकांची कामे. बिझीबॉक्समध्ये एकच प्रोग्रॅम असतो आणि शेकडो लिंका त्याच्याकडे नेतात. आपल्याला कुठल्या नावाने हाक मारली हे पाहून तो काम ठरवतो. सुरुवातीच्या युनिक्समध्ये डिस्क अपुरी पडल्याने सिस्टीमचा काही भाग दुसऱ्या डिस्कवरच्या /यूएसआरमध्ये गेला आणि /बिन व /यूएसआर/बिन असे दोन संसार झाले. फेडोराने २०१२ मध्ये ते एकत्र केले आणि /बिनच्या जागी एक सिमलिंक ठेवली. डेबियनमध्ये हेच काम अनेक वर्षे चालले आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत ते बंधनकारक झाले. '/बिन/एसएच' हा पाथ जगातल्या अगणित स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळीत आहे. ती एक लिंक नसती तर हे स्थलांतर झालेच नसते.

या सगळ्यात एक वापर मला सर्वांत देखणा वाटतो. वेबसाइटची नवी आवृत्ती चढवायची आहे. प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र डिरेक्टरीत ठेवायची आणि 'करंट' नावाची सिमलिंक चालू आवृत्तीकडे न्यायची. बदल म्हणजे ती लिंक फिरवणे. घाईत लोक 'एलएन -एस नवी करंट' अशी कमांड देतात. पण करंट आधीच एका डिरेक्टरीकडे नेते, त्यामुळे 'एलएन' त्या जुन्या डिरेक्टरीच्या आत शिरून तिथे 'नवी' नावाची लिंक करतो आणि साइट जुनीच राहते. हे टाळायला '-एफ' आणि '-एन' जोडतात. पण आधी जुनी लिंक पुसून मग नवी लिहिली जात असेल तर मधल्या क्षणी करंट नावाचे काहीच नसते, आणि त्याच क्षणी आलेल्या वाचकाला पानाऐवजी त्रुटीचा संदेश दिसतो. खात्रीची रीत अशी की वेगळ्या नावाने नवी सिमलिंक करायची आणि 'एमव्ही -टी'ने ती करंटवर आणायची. 'एमव्ही'च्या आत 'रिनेम' असतो, आणि 'रिनेम' हा अखंड असतो. पाहणाऱ्याला एकतर जुने दिसते किंवा नवे, मधले काही नाही. ४.२बीएसडीतल्या त्या दोन गोष्टी इथे एकत्र येतात. कुबरनेटीसमध्ये कॉन्फिगमॅप बदलला की '..डेटा' नावाची सिमलिंक याच रीतीने फिरते. एल्को डोल्स्त्रा यांच्या निक्समध्ये तर संपूर्ण सिस्टीमच सिमलिंकांच्या एका पिढीवरून दुसरीवर उडी घेते आणि काही बिघडले तर एका कमांडीत मागे येते.

नावाचा अर्थ वापरताना लागतो, म्हणून तो मधल्या मध्ये कोणीतरी बदलूही शकतो. /टीएमपी या सर्वांना लिहिता येणाऱ्या डिरेक्टरीत रूटचा एखादा प्रोग्रॅम ठरावीक नावाची फाइल लिहिणार आहे हे हल्लेखोराला कळले, की तो आधीच त्या नावाची सिमलिंक करून ठेवतो आणि तिचे तोंड पासवर्डच्या फाइलीकडे वळवतो. बिचारा प्रोग्रॅम रूटच्या अधिकाराने तिथे लिहितो. प्रोग्रॅमने आधी तपासून मग उघडायचे ठरवले, तरी तपासणे आणि उघडणे यांच्यामध्ये फट राहते. लिनक्सच्या ३.६ आवृत्तीत, २०१२ मध्ये, अशा सामायिक डिरेक्टरीतल्या परक्या सिमलिंका न पाळण्याची सोय कर्नलमध्येच आली. रस्टच्या प्रमाण लायब्ररीत डिरेक्टरी झाडासकट काढून टाकणाऱ्या फंक्शनमध्ये हीच फट २०२२ मध्ये सापडली. मेमरीच्या सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या भाषेतही ती राहू शकते, यावरून तिचा चिवटपणा कळावा.

कंटेनरमुळे हा प्रश्न आज पुन्हा ऐरणीवर आला आहे. कंटेनरच्या आत रूट वेगळा असतो, त्यामुळे स्लॅशने सुरू होणारी सिमलिंक आतून पाहिली तर एक जागा सांगते आणि होस्टवरून पाहिली तर दुसरी. कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रॅमला आत ठेवलेली लिंक बाहेर खेचून नेते, अशा त्रुटी डॉकर आणि रनसी या दोन्हींत आढळल्या आहेत. अलेक्सा सराय यांनी लिहिलेला 'ओपनॅट२' हा सिस्टीम कॉल २०२० मध्ये लिनक्स ५.६ मध्ये आला. या डिरेक्टरीच्या बाहेर पाय टाकायचा नाही, किंवा वाटेत कुठलीही सिमलिंक पाळायची नाही, असे त्याला सांगता येते. नेटवर्कवरच्या एनएफएसमध्येही असाच पेच आहे. तिथे सिमलिंकेचा मजकूर सर्व्हर देतो, पण तो उलगडतो क्लायंट, म्हणून एकच लिंक दोन मशीनवर दोन ठिकाणी नेऊ शकते. मल्टिक्सच्या आराखड्याला साठ वर्षे झाली, तरी पाथ कोणाच्या नजरेतून वाचायचा या प्रश्नाचे काम अजून चालू आहे. संगणकशास्त्र शिकणाऱ्या मराठी तरुणांना हे दालन उघडे आहे, हे मी आवर्जून सांगतो.

पुस्तकाचा वाचक कोण, याबद्दल लेखिकेच्या मनात स्पष्टता आहे. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत लिनक्सचे प्रात्यक्षिक होते, कमांडींची यादी पाठ होते, तोंडी परीक्षेत हार्ड लिंक आणि सॉफ्ट लिंक यांतले फरक विचारले जातात आणि त्यांची ठरलेली उत्तरे दिली जातात. नोकरीत सर्व्हरची जबाबदारी आली की ती उत्तरे अपुरी पडतात. मातृभाषेत कारणासकट समजून घेतलेली गोष्ट रात्री दोन वाजता बंद पडलेल्या मशीनसमोर आठवते, हा माझा शिकवण्यातला अनुभव आहे, आणि म्हणून असे पुस्तक मराठीत हवे होते. लेखिकेने कमांडींचा कोश केलेला नाही. पाथ उलगडणे हा एकच विषय धरून ती वाचकाला कर्नलच्या जागी बसवते आणि दर पायरीला विचारते, आता तू कुठे आहेस, आणि पुढचे नाव कुठल्या डिरेक्टरीत शोधणार आहेस? 'सीपी', 'टार', 'आरसिंक', 'सीएचओन' यांपैकी कोण लिंकेवर काम करते आणि कोण लिंकेमागच्या फाइलीवर, हा गोंधळही या प्रश्नातूनच सुटतो. गिट सिमलिंक साठवते ती पत्त्याचा मजकूर म्हणून, १२०००० या मोडने, हे तिथे फार सुंदर आले आहे.

एका मुद्द्यावर माझे तिच्याशी मत जुळत नाही. सिमलिंक शक्यतो सापेक्ष पत्त्याचीच असावी असा तिचा आग्रह आहे. झाड जसेच्या तसे उचलून दुसऱ्या डिस्कवर किंवा कंटेनरमध्ये नेले तरी ती मोडत नाही, हे तिचे कारण खरे आहे. पण फक्त लिंक हलवली तर सापेक्ष लिंक मोडते आणि संपूर्ण पत्त्याची टिकते. माझ्या मते सिस्टीमच्या ठरलेल्या जागांकडे नेणाऱ्या लिंका संपूर्ण पत्त्याच्या असाव्यात, आणि जे झाड एकत्र प्रवास करणार आहे त्याच्या आतल्या लिंका सापेक्ष. लेखिकेने माझा आक्षेप तिच्या उत्तरासह पुस्तकात घेतला आहे. वाचकांनी दोन्ही बाजू करून पाहाव्यात. घरच्या मशीनवर एक रिकामी डिरेक्टरी करा, तिच्यात एक फाइल, तिची एक हार्ड लिंक, एक सापेक्ष आणि एक संपूर्ण पत्त्याची सिमलिंक करा. मग डिरेक्टरीचे नाव बदला आणि 'एलएस -एलआय' देऊन आयनोड क्रमांक, आकार आणि बाणापुढचा मजकूर यांची आधीच्या यादीशी ओळ-ओळ जुळवणी करा.